अक्रोडाखालची जागा

अर्लीनने आरशात पाहिलं तेव्हा एल्डन बरोबर जागेवर उभा होता. डावा हात वर, उजव्या हाताने हळूहळू हवा ओढत, ये, अजून ये, असं चाललेलं. बावन्न वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच उलटं होत होतं. एरवी पिकअप चालवायचा तो, आणि मागे जोडलेला राहायचा ट्रेलर मुक्कामाच्या जागेत शिरेपर्यंत हातवारे करायची ती. नवराबायकोचं खरोखर कसं चाललंय ते बघायचं असेल तर त्यांना ट्रेलर मागे घेताना बघावं. कॅम्पग्राउंडवरची मंडळी त्यासाठी खुर्च्या टाकूनच बसलेली असतात. कुणी "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" म्हणून ओरडतं, कुणाची बायको तिथल्या तिथे पाठ फिरवून तळ्याकडे चालू लागते. एल्डन आणि अर्लीन यांनी मात्र लोकांची अशी करमणूक कधी केली नाही. त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. मूठ मिटली की थांब. टोपीवर दोन टपल्या मारल्या की झालं, जमलं, उतर खाली.

ट्रेलर मागे घ्यायला ती उन्हाळाभर शिकत होती. दर मंगळवारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर पुढे, ट्रेलर मागे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, चौऱ्याहत्तरावं लागलंय तुला! वेड लागलंय का तुम्हा दोघांना?"

"एकालाच," अर्लीन म्हणाली, आणि मग अर्धा तास स्वतःवरच चिडून बसली.

तिने पुन्हा आरशात पाहिलं. आरशात अक्रोडाचं झाड होतं, चौदा नंबरचा खांब होता, आणि एल्डन नव्हता.

पाय ब्रेकवर कसा गेला ते तिचं तिला कळलं नाही. गाडी बंद न करताच ती उतरून मागे धावली. एल्डन ट्रेलरच्या पलीकडे, झाडाखाली, हात खिशात घालून उभा होता आणि उताराकडे बघत होता. त्याच्या मागे दोन हातांवर ट्रेलरचं चाक थांबलं होतं.

"एल्डन! अरे, तू मागे उभा होतास ना माझ्या? मला खुणा कोण करणार?"

"अर्लीन," तो म्हणाला, जणू ती सकाळपासून त्याच्या शेजारीच उभी होती. "फार झालं आता. घरी जाऊ या ना."

हेच ते वाक्य. गेलं वर्षभर दुपार कलली की तो टोपी घालून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा आणि घरी जाऊ या म्हणायचा. स्वतःच्याच घरात. सुरुवातीला अर्लीनने त्याला दारावरची पाटी दाखवली, भिंतीवरचे फोटो दाखवले, वादही घातला. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा टोपी. मग मे महिन्यात एकदा तो कळवळून म्हणाला, "टिपला खायला कोण घालणार?" टिप हे कुत्र्याचं नाव. ते कुत्रं अर्लीनने कधी पाहिलंच नव्हतं; ती त्याच्या आयुष्यात यायच्या कितीतरी आधी ते मेलं होतं. त्या दिवशी तिला कळलं की त्याला कुठल्या घरी जायचंय.

आणि ते घर अजून उभं होतं. हीच तर मोठी गंमत, आणि हाच जुना घावही. एल्डन चौदा वर्षांचा असताना सरकारने ओढ्यावर बंधारा घातला, खोऱ्यातली चाळीस घरं उठवली, खालची रानं पाण्याखाली गेली आणि वरच्या टेकड्यांचं पार्क झालं. एल्डनचं घर उंचावर होतं म्हणून वाचलं. पण वाचलं ते त्यांच्यासाठी नाही. पुढे तिथे जुन्या काळची शेती दाखवायचं ठिकाण केलं, खेचरं, कोंबड्या, लांब झग्यातल्या बायका वगैरे. एल्डनचा बाप शहरातल्या भाड्याच्या खोलीत दोन वर्षंही काढू शकला नाही. एल्डनने शपथ घेतली, त्या फाटकातून पाऊल टाकणार नाही. "पैसे मोजून बापाच्याच कुरणात झोपायचं? मी मेल्यावर ने मला तिथं." सारा देश त्याने अर्लीनला ट्रेलरमधून फिरवून दाखवला, पण या पार्कची पाटी दिसू नये म्हणून तो वीस मैलांचा वळसा घ्यायचा.

आता तो शपथ विसरला होता. अर्लीन विसरली नव्हती. येताना फाटकापाशी ती क्षणभर थांबली होती, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायची तिची हिंमत झाली नव्हती. माणूस स्वतःच्या शब्दाची राखण करू शकत नाही तेव्हा तो शब्द मोडायचा, ही चोरीच. पण एकदा, फक्त एकदा, त्याने घरी जाऊ म्हणावं आणि आपण त्याला घरी न्यावं, एवढंच तिला हवं होतं. पुढच्या महिन्यात तो कायमचा राहायला जाणार होता ती, अशा माणसांना सांभाळणारी जागा तिने आणि मुलीने बघून ठेवली होती. तिथे दारांना आतून कुलपं होती.

"जाऊ या ना," ती म्हणाली. "म्हणून तर आलोय. आधी मला टोपीवर दोन टपल्या मारून दाखव, म्हणजे गाडी बंद करते."

त्याने चाकाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, डोळ्यांनी अंतर मोजल्यासारखं केलं आणि ऐटीत दोन टपल्या मारल्या. ट्रेलर बराच तिरका लागला होता. तिने तो तसाच राहू दिला.

शेताकडे जायची वाट उताराची होती. ऑक्टोबरातली दुपार, ऊन नुसतं अंगावर ठेवल्यासारखं. आठवड्याच्या मधल्या वारी पार्कात चिटपाखरू नसतं. दोनचार म्हातारी जोडपी आणि शाळेची एक पिवळी बस, बस्स. वळणावर तळं दिसलं तसा एल्डन थबकला.

"ओढा केवढा चढलाय बघ!" तो म्हणाला. "बाबांना सांगायला हवं. खालचा मका गेला समज."

अर्लीनने त्याचा हात घट्ट धरला. त्याला दिसतंय, तिला वाटलं. चला, बरोबर जागी आलोय. तिने मनातल्या मनात ते घर कितीदा पाहिलं होतं. त्यानेच सांगितलेलं: पांढरं, हिरव्या छपराचं, पुढे लांब पडवी, पडवीत झोपाळा. मागे बापाने जोडलेलं स्वयंपाकघर आणि त्यात आईने हट्टाने जमिनीवर अंथरलेलं गुलाबांच्या नक्षीचं लिनोलियम. त्या गुलाबांवरून गोट्या खेळताना कुठली गोटी कुठे अडते तेसुद्धा अर्लीनला पाठ होतं.

वाट संपली आणि समोर लाकडाच्या ओंडक्यांची एक काळपट झोपडी उभी होती. पडवी नव्हती. पांढरा रंग नव्हता. छपरावर लाकडी कौलं होती.

"या या! पाय पुसून या हं!" दारातून एक बाई ओरडली. डोक्याला झालरीची टोपी, लांब झगा, आणि ॲप्रनच्या खिशातून डोकावणारा मोबाईल. "आमच्या सासूबाईंना मातीचे पाय मुळीच खपत नाहीत!"

तिचं नाव मार्सी. ती आठवड्यातून तीन दिवस अठराशे ऐंशी सालात राहायची आणि उरलेले दिवस दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायची. चांगली बाई होती. अर्लीनला मात्र त्या वेळी ती मुळीच चांगली वाटली नाही.

"मागचं स्वयंपाकघर कुठाय?" अर्लीनने विचारलं.

"अय्या, तुम्हाला माहितीय? ती नंतरची भर होती हो. काढून टाकली आम्ही. पडवीपण. बाहेरून पांढऱ्या फळ्या ठोकल्या होत्या, त्या उचकटल्या तर आत हे अस्सल ओंडके! केवढं नशीब! आता घर कसं अगदी मूळ रूपात आलंय."

"कुणाच्या मूळ रूपात?"

मार्सी गोंधळली. "म्हणजे... पहिल्यांदा बांधलं तसं."

"आणि इथे शेवटी राहणारे लोक? बासष्ट सालापर्यंत राहत होते ते?"

"त्यांची फारशी माहिती नाही आमच्याकडे," मार्सी आवाज खाली आणून म्हणाली, जणू कुणाचं उणंदुणं काढतेय. "पण खरं सांगू? त्यांनी घराची फार वाट लावली होती. जमिनीवर काय ते प्लास्टिकचे गुलाब! खरवडून काढायला आठ दिवस गेले."

अर्लीनच्या जिभेवर जे आलं होतं ते चर्चला जाणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. तिने ते गिळलं, कारण एल्डन शेजारीच उभा होता. तो टोपी हातात घेऊन आत आला होता, परक्या घरी येतात तसा. चुलीकडे, फळीवरच्या मातीच्या बरण्यांकडे, दोरीने अडवलेल्या जिन्याकडे त्याने शांतपणे बघून घेतलं.

"गरिबी दिसते," तो मार्सीला आपुलकीने म्हणाला. "पण ठेवलंय स्वच्छ हो. शाबास."

मग तो अर्लीनच्या कानाशी लागला. "बघून झालं ना? चल आता. घरी जाऊ."

अर्लीन बाहेर आली आणि कुंपणाला धरून उभी राहिली. सहा महिने ती या दारासाठी झटली होती. तीनशे मैल गाडी हाकत आणली होती, बोटं स्टिअरिंगवर वळून गेली होती. आणि या शहाण्यांनी काय जपून ठेवलं होतं, तर जे आठवणारं एकही माणूस जिवंत नाही ते. जे आठवणारा एक माणूस अजून जिवंत होता, ते यांनी आठ दिवस बसून खरवडून काढलं होतं. तिला रडू आलं. रागाचंच रडू होतं ते, पण एकदा येऊ लागल्यावर ते कसलं आहे हे कोण विचारतं!

डोळे पुसून तिने वर पाहिलं तर एल्डन चालू लागला होता.

तो वाऱ्याच्या दिशेने निघाला होता. कोठाराच्या मागून पांढरी वाफ वर येत होती आणि तिच्याबरोबर एक वास: हिरवा, गोड, थोडा धुरकट. तिथे गोड ज्वारीच्या ताटांच्या रसाची काकवी करणं चाललं होतं. एक खेचर लांब दांड्याला जुंपलेलं, संथपणे चरकाभोवती फिरत होतं. चिपाडांचा ढीग पडला होता. दगडी चुलवणावर लांबलचक उथळ काहील, तिच्यात रस रटरटत होता, आणि भोवती शाळेची पोरं आणि त्यांच्या बाई उभ्या होत्या. काहिलीवर लोवेल नावाचा, विजारीला गॅलिस लावलेला एक गृहस्थ, निवृत्त बसड्रायव्हर, झारा घेऊन घामाघूम झाला होता.

"काका, जपून!" लोवेल ओरडला. "तिथं मळीचा खड्डा आहे. सकाळपासून दोघं पडलेत त्यात."

एल्डनने खाली बघितलंसुद्धा नाही. त्याची पावलं आपसूक खड्ड्याला वळसा घालून गेली.

"जाळ फार आहे," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"जाळ. पुढची दोन लाकडं ओढ बाहेर. करपवशील."

"अहो, अजून चाळीस मिनिटं आहेत," लोवेल म्हणाला. "इथे लिहिलंय सगळं. थर्मामीटरपण लावलाय."

"मग कागद चाटणारेस का पावाबरोबर?"

पोरं खिदळली. लोवेलही हसला, आणि का कोण जाणे, त्याने वाकून दोन लाकडं बाहेर ओढली. मग एल्डनने हात पुढे केला आणि लोवेलने त्याच्या हातात झारा दिला. तो हात वर्षभर शर्टाच्या गुंड्या लावताना अडखळत होता. काटा कुठला आणि चमचा कुठला यात चुकत होता. तोच हात आता हिरव्या फेसाखालून झारा असा सरकवत होता की रसावर ओरखडाही उठत नव्हता. एक झटका, आणि मळी खड्ड्यात. बडबड नाही, घाई नाही. अर्लीन एका ओंडक्यावर बसली. तिने हा माणूस कधी पाहिला नव्हता. त्याने तिला सांगितलं होतं, खोक्यावर उभा राहून मी बाबांच्या शेजारी काकवी करायचो म्हणून; पण सांगणं वेगळं. काकवी करणारा एल्डन तिच्या वाट्याला आलाच नव्हता.

पाऊण तास गेला असेल. हिरवा रंग पिवळा झाला, मग मधासारखा, मग तांबूस. बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. एल्डन वाकला.

"डोळे आले," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने: "बेडकाचे डोळे आले! उचला! आत्ता!"

लोवेलने थर्मामीटरकडे बघितलं नाही. चौघांनी काहील उचलून बाजूला घेतली. लोवेलने ताटाच्या तुकड्यावर थोडी काकवी घेतली, फुंकली, चाटली, आणि तो तुकडा मार्सीच्या हातात दिला. तीही येऊन उभी होती.

"काका," लोवेल म्हणाला, "नऊ वर्षं करतोय मी, अशी कधी उतरली नाही. कुठं शिकलात?"

"इथंच की. बाबांकडं." एल्डनने कोठाराकडे मान वळवली. "खेचराला पाणी दाखवायला गेलेत. येतीलच."

सगळे हसले. पोरांच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग पोरांनीही. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच एक. "यांना आपल्यात घ्यायलाच हवं!" मार्सी म्हणाली. "काय झकास बोलतात, नाही?" एल्डन लाजला. चौदा वर्षांच्या पोराने लाजावं तसा, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

मग तो अर्लीनपाशी आला. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की तिला वाटलं, आता हा म्हणेल, अर्लीन, बघितलंस का? त्यासाठी ती ओंडक्यावरून उठली देखील.

त्याने टोपी काढली.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही मला इथवर सोडायला आलात, फार उपकार झाले. वाट लांबची होती. पण मी पोचलो आता. तुम्ही निघा, तुमच्या घरचे खोळंबले असतील."

अर्लीनने सगळा विचार केला होता. त्याची औषधं, जास्तीचे शर्ट, रात्री दाराला लावायची घंटा, सगळं. हा एकच विचार तिने केला नव्हता, की त्याला ज्या घरी जायचंय त्या घरात ती नाहीच. तिथे बाबा होते, आई होती, टिप होतं. अर्लीन तिथे यायला अजून दहा वर्षं होती. आपणच त्याला हाताला धरून इथवर आणलं, आणि दारात आपला हात सुटला.

"निघते," ती म्हणाली.

"असं कसं?" तो एकदम म्हणाला. "जेवायची वेळ झाली. आमच्याकडून कुणी न जेवता गेलं तर आई मला फाडून खाईल. चला, आमचं घर..."

तो वळला आणि घर शोधू लागला. ओंडक्यांच्या झोपडीवरून त्याची नजर सरकून गेली, टेकडीवर गेली, तळ्यावर गेली, परत आली. कपाळाला आठी पडली. ओठ हलू लागले. तो मोकळा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा मिटायला लागला, आणि ते काही तिला बघवेना.

"तुझ्या आईनंच पाठवलंय मला," अर्लीन म्हणाली. "आज गुऱ्हाळ आहे ना? जेवणं वरच्या कुरणात आहेत. अक्रोडाखाली."

आठी विरली. "हां, बरोबर," तो म्हणाला. "गुऱ्हाळाच्या दिवशी तिथंच असतात."

लोवेलने कोमट काकवीची बाटली दिली. ती छातीशी धरून अर्लीन टेकडी चढली. एल्डन दोन पावलं पुढे होता, पाहुण्याला वाट दाखवावी तसा, आणि काटेरी फांदी आली की बाजूला धरून ठेवत होता. वर पोचेपर्यंत ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. अक्रोड मधूनच ट्रेलरच्या छपरावर टपकत होते. तिने बाहेरच्या टेबलावर घेवड्याचे शिजवलेले दाणे आणि मक्याचा पाव मांडला. तिला तो वाढू देईना.

"तुम्ही बसा, पाहुण्या तुम्ही." त्याने पावाचा मोठा तुकडा तिच्या ताटलीत घातला, वर लोणी, वर काकवीची धार. बोट बाटलीच्या तोंडावरून फिरवून चाटलं. मग तो समोर बसला आणि पोटभर जेवला. गेल्या कित्येक महिन्यांत तो असा जेवला नव्हता, आणि टोपी घालून दाराशी उभं राहायची ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

"गोड आहे ना?" त्याने विचारलं.

"फार," अर्लीन म्हणाली.

तो तिच्याकडे निरखून बघत होता. तिच्या हातातल्या अंगठीकडे त्याचं लक्ष गेलं.

"तुमचं लग्न झालंय?"

"झालंय की. बावन्न वर्षं झाली."

"बापरे! मग यजमान कुठायत? आले नाहीत बरोबर?"

छपरावर एक अक्रोड पडला आणि घरंगळत जाऊन गवतात थांबला.

"बरेच दिवस घरी जायचं म्हणत होते," अर्लीन म्हणाली. "आज पोचले."

"बरं झालं," एल्डन म्हणाला. त्याने आपल्या ताटलीतला उरलेला अर्धा पाव उचलून तिच्या ताटलीत ठेवला. "म्हणजे तुम्हालाही आता काळजी नाही."